कुतूहलाची तालीम

सुरातनो मास्तरांना एकच खोड होती : उत्तर त्यांच्या पोटात राहत नसे. विचारणाऱ्याचा प्रश्न संपायच्या आत यांचं उत्तर सुरू. बाजारात कुणी भाजीवालीला सहज म्हणालं, "काय गं, आज धुकं हटणार की नाही?" तरी पलीकडच्या दुकानातून मास्तर हवेचा दाब, दरीतली गार हवा आणि सूर्याची उंची हे सगळं सांगून मोकळे. भाजीवाली बिचारी हातात कोबी धरून ऐकत उभी. डोंगरउतारावरच्या आमच्या वोनोसोबो गावात धुकं बहुतेक रोज असतं, त्यामुळे मास्तरांना श्रोत्यांची वानवा नव्हती.

गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या सरकारी हायस्कुलात ते अकरावीला पदार्थविज्ञान शिकवत. पोरं पाठीमागे त्यांना 'बापाक पंचेचाळीस' म्हणत. बापाक म्हणजे बाप आणि बापाक म्हणजे सरसुद्धा. आमच्याकडे त्यात कुणी फारसा फरक करत नाही. आणि पंचेचाळीस अशासाठी, की "फेकलेली वस्तू सगळ्यात लांब कधी जाते? पंचेचाळीस अंशांत फेकली तर," हे वाक्य मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या कानांत ओतलं होतं. गावातला बसचा कंडक्टर, सोनार आणि मशिदीतला बांग देणारा, तिघांना पदार्थविज्ञानातलं दुसरं काही आठवत नसेल, पण हे आठवत होतं. मास्तरांना त्या नावाचा राग नव्हता. खरं सांगायचं तर ते ऐकू आलं की ते जरा ताठ चालत.

मग नवा अभ्यासक्रम आला. आता म्हणे मास्तरांनी सांगायचं नाही, विचारायचं. पोरांनी अंदाज बांधायचा, संगणकावर सिम्युलेशन चालवून बघायचं, चुकायचं, पुन्हा चालवायचं आणि आपलं आपण शोधून काढायचं. "आणि तेवढा वेळ मास्तरांनी काय करायचं?" असं सुरातनो मास्तरांनी प्रशिक्षणाच्या वेळी हात वर करून विचारलं होतं. "वाट बघायची," असं उत्तर आलं. मास्तर त्यावर बरंच बोलले. जेवणाची सुट्टी त्यात गेली.

शेवटी एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. गरम गोड चहा दिला, घरची चौकशी केली, गुडघ्यांची केली, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बापाक, आपलं ग्रंथालय किती शांत आहे नाही? तिथून सिंदोरो अख्खा दिसतो."

आमच्या भागात कुणाला हलवायचं असलं तर असंच हलवतात, डोंगर दाखवून. मास्तर समजायचं ते समजले. गुरुवारी जिल्ह्याचे पर्यवेक्षक त्यांच्या तासाला येऊन बसणार होते. त्या तासाला मास्तरांनी नेहमीसारखं भाषण ठोकलं, तर पुढच्या आठवड्यापासून अकरावी तरुण विंदार्तीबाईंकडे जाणार, आणि निवृत्तीपर्यंत मास्तर ग्रंथालयात बसून पुस्तकांवरची धूळ झटकणार. मास्तरांना सिंदोरो आवडायचा. पण डोंगराला काही शिकवता येत नाही.

विंदार्ती ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. अकरावीत असताना पहिल्या बाकावर बसायची आणि आता त्यांच्याच शेजारच्या वर्गावर शिकवायची. तिनेच त्यांना शाळा सुटल्यावर लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर हिरवंगार सपाट मैदान होतं, डाव्या हाताला एक तोफ. तोफेचं तोंड वर-खाली करायचं, लाल बटण दाबायचं, की गोळा उडून एक बाकदार रेघ मागे ठेवत जाई आणि धपकन पडे.

"बापाक, माउस इतका आवळू नका. नावाचाच उंदीर आहे तो, पळणार नाही."

मास्तरांनी पकड जरा सैल केली.

"आता मी वर्गातली पोरगी आहे असं समजा. मी विचारते : बापाक, तोफ किती अंशांवर ठेवली तर गोळा सगळ्यात लांब जाईल?"

"पंचेचा..."

"बापाक."

"मी काही बोललो नाही."

"पंचेचा म्हणालात."

"पंचेचा हे काही उत्तर होत नाही."

विंदार्ती हसली नाही, पण तिला हसू आवरायला वेळ लागला. "तुम्ही म्हणायचं : तुला काय वाटतं? आणि मग गप्प बसायचं. त्यांच्या तोंडून काहीतरी बाहेर पडेपर्यंत."

"अगं, पण मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. तरी तिला विचारायचं? ही लबाडी झाली."

"लबाडी नाही, बापाक. तुम्ही आम्हाला आंबे दाखवायला झाडाखाली न्यायचात आणि स्वतःच चढून तोडून आणायचात. आम्हाला आंबे मिळाले. चढता कुणाला आलं नाही."

मास्तरांना हे लागलं. त्यांनी उगाच माउस हलवला, तोफ नव्वद अंशांवर गेली आणि गोळा सरळ वर जाऊन तोफेवरच पडला. विंदार्ती खाली बघत म्हणाली, "बापाक, तुमची अकरावी मी मागितलेली नाही. हे तुम्हाला माहीत असू दे."

"माहितीये, नदुक," मास्तर म्हणाले. लेकीबाळींना आमच्याकडे असंच म्हणतात. "तू कशाला मागशील."

घरी मास्तरांनी सराव सुरू केला. त्यांची बायको सुमिरा. तिने रात्रीच्या जेवणाला बसताना विचारलं, "भाजीत मीठ बरोबर पडलंय का?"

मास्तर घास गिळून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी अजून चाखली नाही."

"मग चाखून बघ. आणि काय दिसतं ते सांग."

सुमिराने भाजीचं भांडं उचलून स्वयंपाकघरात नेलं. "उद्यापासून चूल कुणी पेटवायची, असं मी विचारीन हं," ती आतून म्हणाली, "आणि मग तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही बघा." पण माणूस काळजीत आहे हे तिला दिसत होतं. आल्याच्या कडक गोळ्यांची पुडी तिने त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. "उत्तर तोंडात आलं की ही टाकायची. तोंड भरलेलं असलं की तुम्ही बोलत नाही. एवढंच एक औषध मला इतक्या वर्षांत सापडलंय."

बुधवारी मधल्या सुट्टीत मास्तर चहा घ्यायला शाळेच्या कॅन्टीनकडे गेले. कॅन्टीनच्या मागे एक सिमेंटचा कट्टा आहे. तिथे भिंतीपलीकडून गांडुंगचा आवाज आला. गांडुंग म्हणजे वर्गातलं वांड कार्टं. तोंडात तळलेलं तेम्पे असलं तरी ज्याची बडबड थांबत नाही असं.

"नव्वद! सरळ वर! बापाक, मला अगदी खात्रीनं वाटतं, नव्वद!"

"खात्रीनं नको रे." हा आवाज मुफिदाचा, वर्गप्रमुखाचा. "जरा चाचरत म्हण. चुकणारा माणूस आधी चाचरतो."

"मी रोज चुकतो. कधी चाचरलोय?"

"उद्या चाचर. पर्यवेक्षक बसणारेत. मग उस्मान म्हणेल तीस. मग बापाक म्हणतील, चला, चालवून बघू. वेनिंग तोफ उडवील. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, असं एकेक. आणि मग सगळ्यांनी एकदम म्हणायचं, पंचेचाळीस! पण आश्चर्यानं."

"आश्चर्यानं? आठवीपासून ऐकतोय मी ते. माझ्या आईलापण माहितीये."

"म्हणून तर तालीम करायची. आजवर आयुष्यात कधी ऐकलं नाही असं म्हणायचं. वेनिंग, तू फक्त तोफ उडव. बोलू नकोस."

"ती बोलतेच कधी?" गांडुंग म्हणाला आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"हे बघ," मुफिदा म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला, "त्यांना ग्रंथालयात टाकणारेत. तिथे कुणी जात नाही. बापाक दिवसभर बोलणार कुणाशी?"

मग गांडुंगचा आवाज आला, या वेळी अगदी खालच्या पट्टीत. "मला... मला वाटतं, बापाक... बहुतेक नव्वद?"

"हां. असं."

मास्तर भिंतीच्या अलीकडे चहाचा पेला हातात धरून उभे होते. ज्या माणसाने जन्मभर परीक्षेत एकमेकांचं बघून लिहिणाऱ्यांचे कान उपटले, त्याने खरं तर त्या क्षणी पुढे होऊन "हे काय चाललंय?" म्हणायला हवं होतं. मास्तरांनी पाऊल उचललंही. पण समोर गेलं तर पोरांची तोंडं किती उतरतील, हे त्यांना दिसलं. आणि त्याहून खरं हे, की त्यांना वर्ग सोडायचा नव्हता. त्यांना वाचायचं होतं, कुणी वाचवत असेल तर वाचायचं होतं. पोरं आपल्यासाठी न कळल्याचं नाटक बसवताहेत, या विचाराने त्यांना बरं वाटलं, आणि त्याच विचाराची लाजही वाटली. ते आले तसे मागे फिरले. चहा तसाच गार झाला.

गुरुवारी सकाळी पर्यवेक्षक बापाक कुंचोरो आले. गोल, हसतमुख, सावकाश बोलणारा माणूस. रीतीप्रमाणे त्यांना खाऊचा खोका मिळाला आणि ते मागच्या बाकावर तो मांडीवर घेऊन बसले. मास्तरांनी आल्याची गोळी गालात सरकवली आणि बिस्मिल्ला करून सुरुवात केली.

"समजा, आपल्याला एक गोळा जास्तीत जास्त लांब टाकायचाय. तोफ किती अंशांवर ठेवायची? तुम्हाला काय वाटतं?"

गांडुंगचा हात ठरल्याप्रमाणे वर गेला. "मला... बापाक... म्हणजे... मला असं... बहुतेक..." तो इतका चाचरला, की मागून कुंचोरोसाहेबांनी काळजीने विचारलं, "बाळ, बरं वाटत नाहीये का?"

"नव्वद!" गांडुंग घाबरून ओरडला. वर्गाने हसू दाबलं. उस्मान तीस म्हणाला. आणखी एक मुलगी साठ म्हणाली. मास्तर प्रत्येकाला "असं का वाटतं?" विचारत होते आणि प्रत्येकाचं पाठ केलेलं चुकीचं कारण मान हलवून ऐकत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. कुंचोरोसाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. सगळं मुफिदाने बसवल्यासारखं चाललं होतं. ते तिने बसवलंच होतं.

"चला, बघू या चालवून. वेनिंग?"

वेनिंग प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपपाशी बसली होती. शांत मुलगी, डोक्यावरची ओढणी नेहमी जरा कपाळावर ओढलेली. गावाच्याही वर, ढगांत असल्यासारखी एक वस्ती आहे, तिथून ती रोज उतरून शाळेत यायची. तिने एकेक गोळा उडवला. पंचवीस. पस्तीस. पंचेचाळीस. पंचावन्न. भिंतीवर बाकदार रेघा एकीवर एक उमटत गेल्या. शेवटचा गोळा पडायच्या आतच मुफिदाने मान हलवली आणि सगळा वर्ग एका सुरात, आयुष्यात पहिल्यांदाच कळल्यासारखा ओरडला, "पंचेचाळीस!"

आश्चर्य झकास जमलं होतं. कुंचोरोसाहेबांनी लेम्परवरचं केळीचं पान सोलत कौतुकाने मान डोलावली आणि चिकट भाताचा घास तोंडात टाकला.

मास्तरांनी मात्र भिंतीकडे बघितलं. पस्तीसचा गोळा पंचेचाळीसच्या चांगला मीटरभर पुढे पडला होता.

मागच्या बाकावरून साहेबांच्या चष्म्याला तो फरक कळणार नव्हता. वर्गातलं कुणी भिंतीकडे बघतच नव्हतं; सगळे मास्तरांकडे बघत होते, आता ते "शाबास, मग निष्कर्ष काय?" म्हणतील म्हणून. एवढं एक वाक्य म्हटलं की तास पार पडला असता. मास्तरांनी ते म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांना वेनिंग दिसली. ती ओरडली नव्हती. तिचं बोट माउसवर होतं आणि नजर भिंतीवरच्या त्या दोन रेघांवर. कपाळाला आठी होती. इतक्या वर्षांत मास्तरांनी अशी आठी किती वेळा बघितली असेल! आणि दर वेळी ती पडायच्या आत त्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं.

"वेनिंग," ते म्हणाले, "पंचेचाळीस जिंकला का?"

वेनिंगने आधी मास्तरांकडे बघितलं, मग मुफिदाकडे, मग भिंतीकडे.

"अजून नाही, बापाक."

आता आमच्याकडे मोठ्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला विचारा, लग्न झालं का, तो म्हणेल, अजून नाही. कापलेली कोंबडी उडाली का विचारलं, तरी माणूस जरा विचार करून म्हणेल, अजून नाही. त्यामुळे वर्गात काय झालं ते सगळ्यांना चोख कळलं. ही पोरगी सगळ्या वर्गाला, बापाकांना आणि बापाकांच्या पंचेचाळीसला 'नाही' म्हणाली होती.

"वेनिंग," मुफिदा दातांतून म्हणाली.

कुंचोरोसाहेबांनी हातातला घास खोक्यात परत ठेवला आणि चष्मा वर सरकवला. "काय झालं?"

मास्तरांनी आता भिंतीवरचं चित्र नीट बघितलं, आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं. तोफ जमिनीवर नव्हतीच. सिम्युलेशनमध्ये तोफ धरून वर ओढता येते. खाली एक खांब तयार होतो. वेनिंगने ती चांगली घरभर उंचावर नेऊन ठेवली होती. पंचेचाळीस खरा सपाट जमिनीवर. उंचावरून खाली टाकायचं असेल तर हिशेब बदलतो. उत्तर त्यांच्या छातीतून निघून गळ्यापर्यंत आलं. त्यांनी जिभेने गोळी शोधली. ती केव्हाच विरघळून गेली होती.

फक्त एवढंच म्हणायचं होतं : अगं वेडे, तोफ खाली घे. एका वाक्यात पंचेचाळीसची अब्रू राहिली असती, पर्यवेक्षकांपुढे मास्तरांचं ज्ञान दिसलं असतं, आणि वेनिंग चुकली म्हणून खाली बसली असती. ते न म्हटलं तर मास्तर पोरांपुढे आणि साहेबांपुढे खोटे ठरत होते, त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात लाडक्या वाक्यासकट. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले. या वेळी ते शिकवल्यासारखं आलं नाही.

याच्या पुढचं कुणी पाठ केलेलं नव्हतं. मास्तर वाट बघत राहिले. ते थांबणं त्यांना दात उपटून घेण्यासारखं लांबलं.

"मशीन बिघडलंय," गांडुंग म्हणाला. अजिबात न चाचरता.

"बिघडलं असतं तर एकदा चुकलं असतं," मुफिदा म्हणाली. तिला राग आला होता, पण तिची नजर आता भिंतीवर होती. "परत उडव गं."

परत तेच. पस्तीस पुढे.

"गोळा जड असेल." गोळा हलका केला. तेच. "आणखी जड कर." केला. तेच.

"वारा चालू राहिला असेल." वाऱ्याची खूण बघितली. बंद होती. तिसऱ्या रांगेतली पोरं उठून पुढे आली. त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही.

"बापाक सुरातनो," कुंचोरोसाहेब मागून म्हणाले. घसा साफ केला. "बरोबर उत्तर काय आहे?"

सगळा वर्ग मास्तरांकडे वळला. साहेबांनी विचारलं होतं. साहेबांना उत्तर देणं हा तर शिष्टाचार. मास्तरांच्या कपाळावर थंडीतही घाम आला.

"बापाकांना काय वाटतं?" मास्तर अदबीने म्हणाले.

पर्यवेक्षक झाल्यापासून कुंचोरोसाहेबांना कुणी प्रश्न विचारला नसावा. ते जागचे उठले, बोटांना लागलेला भात रुमालाला पुसत पुढे आले आणि पोरांच्या गराड्यात उभे राहून भिंतीकडे बघू लागले. "मला वाटतं... वारा."

"वारा बघून झाला, बापाक," गांडुंग म्हणाला. "बंद आहे."

"अस्सं," साहेब म्हणाले आणि जरा पुढे वाकले.

मुफिदा भिंतीच्या अगदी जवळ जाऊन उभी होती. रेघांच्या टोकाकडून ती मागे मागे बघत सुरुवातीला आली, आणि तिथेच थांबली. "वेनिंग, ही तोफ वर का आहे?"

"कुठे वर?"

"खांबावर. जमिनीपासून वर. तू नेलीस?"

वेनिंगला प्रश्नच कळेना. "मग कुठे ठेवायची? खालीच होती ती, म्हणून मी वर घेतली. लांब टाकायचं म्हणजे वरूनच ना? खालून कोण टाकतं?"

मागची दोन-चार पोरं हसली, पण चुकली म्हणून नव्हे. तीही वरच्या वस्त्यांवरची. त्यांनीही तोफ तिथेच ठेवली असती. आमच्या गावात सपाट जमीन म्हणजे शाळेचं मैदान, आणि तेही असं, की चेंडू हातातून सुटला तर शिंप्याच्या दारात जाऊन थांबतो. बटाट्याची पोती असोत, हाका असोत की चेंडू, वेनिंगच्या वस्तीवरून सगळं खालीच टाकायचं असतं. पुस्तकातली सपाट जमीन तिने पुस्तकातच बघितली होती. मास्तर याच गावात जन्मले, याच उतारावर म्हातारे झाले, आणि इतकी वर्षं त्या सपाट जमिनीवरून गोळे उडवत होते. हे त्यांच्या ध्यानात येऊन ते मनातल्या मनात ओशाळले.

"खाली घे," मुफिदा म्हणाली. "आता पंचेचाळीस... आता पस्तीस."

पंचेचाळीस पुढे पडला. वर्गात एकच गलका झाला, आणि त्यात आश्चर्य आणण्यासाठी कुणाला काही करावं लागलं नाही.

"आता अजून वर ने. पहिल्यापेक्षा वर."

वेनिंगने तोफ ओढली, पार वरपर्यंत. पंचेचाळीस आणखीच मागे पडला.

"म्हणजे वरच्या वस्तीचा आकडाच वेगळा," गांडुंग म्हणाला. "खालच्यांचा पंचेचाळीस, वेनिंगचा कमी."

"पण कमी का?" उस्मान म्हणाला. "उंच आहे तर जास्त पाहिजे ना?"

"नाही रे. थांब. खाली पडायला मुळात वेळ जास्त मिळतोय..."

"मग?"

"मग तेच तर बघायचंय ना."

तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही. कुंचोरोसाहेबसुद्धा हलले नाहीत. "जरा मधलं एखादं घेऊन बघा, चाळीस वगैरे," ते वेनिंगला म्हणत होते. मास्तर खिडकीपाशी एकटे उभे होते. उत्तर अजून गळ्याशी होतं आणि आता ते टोचायचं थांबलं होतं. मास्तरांच्या एकाएकी लक्षात आलं, की वर्गातलं एकही डोकं त्यांच्याकडे वळलेलं नाही. वर्गावर उभं राहिल्यापासून असं कधी झालं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, असं झालं तर आपण मेल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फार बरं वाटलं.

पुढच्या तासाची मुलं दारात जमू लागली, तेव्हा कुठे साहेबांना भान आलं. ते सरळ उभे राहिले, कपडे नीट केले आणि पुन्हा पर्यवेक्षक झाले. "हे तर अर्धवटच राहिलं," ते म्हणाले. "का, ते काही निघालं नाही." मग वर्गावरून नजर फिरवत त्यांनी साधं विचारावं तसं विचारलं, "पुढचा तास कोण घेणार आहे?"

ग्रंथालयाचं सगळ्यांना ठाऊक होतं. मुफिदाने मान खाली घातली. तिने इतकं सगळं बसवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर कुणालाच वाटून दिलेलं नव्हतं. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"बापाक सुरातनोच," वेनिंग म्हणाली.

साहेब वळले. "तेच का?"

वेनिंगने ओढणी सारखी केली. एवढं बोलायची तिला सवय नव्हती. "त्यांना उत्तर माहितीये. मी नाही म्हणाले ना, तेव्हा त्यांनी तोफेकडे बघितलं. रेघांकडे नाही, तोफेकडे. तेव्हापासून माहितीये त्यांना." ती थांबली. "सगळे त्यांना चुकलेले समजत होते, तरी त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला सापडावं म्हणून."

पोरांची तोंडं हळूहळू मास्तरांकडे वळली. मुफिदाने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. बापाक पंचेचाळीस, आणि तासभर उत्तर तोंडात धरून गप्प! त्यांना हे किती जड गेलं असेल, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळत होतं.

"बरं तर," कुंचोरोसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "काम अर्धवट टाकून बापाकांना कुठे जाता येणार नाही. मी तसं कळवतो."

मास्तरांना काहीतरी बोलायला हवं होतं. ते वर्गाकडे पाठ करून फळ्याशी गेले, डस्टर उचललं आणि फळा पुसू लागले. त्या तासाला फळ्यावर त्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तरी ते बराच वेळ पुसत राहिले, आणि मुलांनीही त्यांना पुसू दिलं.